कान-नाक-घशाच्या ऑपरेशनमधल्या गुंतागुंती : पुढच्या पेशंटसाठी नेमकं काय बदलतं?

कर्णिका (धागाकर्ती) :

मी कान-नाक-घशाची शल्यचिकित्सक आहे आणि रेसिडेंट डॉक्टरांना शिकवते. गुंतागुंत झाली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, 'हे कुणाच्याही हातून होऊ शकतं.' दुसरं, 'पुढच्या वेळी जपून.' दोन्ही खरी आहेत, पण त्यांतून पुढच्या पेशंटच्या पदरात काही पडत नाही. गुंतागुंतीनंतर हत्यारांच्या ट्रेमधली, वॉर्डातली, डिस्चार्ज कार्डावरची किंवा ऑपरेशनच्या क्रमातली एखादी तरी गोष्ट बदलायला हवी. तसं काही बदललं नसेल तर त्या घटनेतून आपण शिकलो असं म्हणायला मी तयार नाही.

टॉन्सिलपासून सुरुवात करते. आमच्या शाखेतलं हे सगळ्यात साधं समजलं जाणारं ऑपरेशन. पहिल्या २४ तासांतला रक्तस्राव प्राथमिक, त्यानंतरचा दुय्यम. दुय्यम रक्तस्राव बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसादरम्यान होतो, जखमेवरचा पांढरा थर सुटताना. म्हणजे पेशंट घरी असताना, आणि सर्जन पुढच्या केसमध्ये गुंतलेला असताना.

इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ साली टॉन्सिलच्या ऑपरेशनांची मोठी नोंद ठेवली गेली, सुमारे ३४,००० पेशंटची. ३.५ टक्के पेशंटना रक्तस्राव झाला, ०.९ टक्के पेशंटना त्यासाठी परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) न्यावं लागलं. मला त्याहून मोलाची वाटते ती तंत्रांची तुलना. डायथर्मी (विजेच्या उष्णतेने कापणं) किंवा कोब्लेशन (रेडिओलहरींनी ऊती विरघळवणं) वापरून टॉन्सिल काढलेल्यांत रक्तस्राव जास्त होता, साध्या पोलादी हत्यारांनी काढलेल्यांत कमी. हे एकट्या सर्जनला कधीच कळलं नसतं. एखादा वर्षाला शंभर टॉन्सिल काढतो, एका वर्षी तीन रक्तस्राव बघतो, दुसऱ्या वर्षी पाच, आणि त्याला त्यात काही सूत्र सापडत नाही. सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहून ठेवलं तेव्हाच ते दिसलं.

त्याच्या थोडं आधीची गोष्ट तर प्रत्येक रेसिडेंटला माहीत असावी. २००१ च्या जानेवारीत तिथे टॉन्सिलसाठी एकदाच वापरून फेकायची हत्यारं सक्तीची झाली. कारण रास्त होतं : 'व्हेरियंट सीजेडी' या मेंदूच्या आजाराचा कारक प्रथिनकण टॉन्सिलच्या ऊतीत असू शकतो आणि नेहमीच्या निर्जंतुकीकरणाने तो जात नाही. पण नव्या हत्यारांनी रक्तस्राव वाढल्याच्या तक्रारी आल्या, मृत्यूही नोंदले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्लंडमध्ये जुनी, पुन्हा वापरायची हत्यारं परत आणली. पुढे शक्य असलेला धोका टाळायला गेलेला नियम आज होणारा धोका वाढवत होता. नोंद होत होती म्हणून तो अकरा महिन्यांत मागे घेता आला.

तुमच्या अनुभवातलं, वाचनातलं लिहा. डॉक्टर नसलेल्यांनीही लिहावं.

शांतनिद्रा :

भूलतज्ज्ञ म्हणून टॉन्सिलमध्येच भर घालतो. लहान मुलांना ऑपरेशननंतर दुखण्यासाठी कोडीन देणं हा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. कोडीन स्वतः फारसं काम करत नाही. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं मॉर्फिन करतं. काही माणसांत जन्मतःच हे एन्झाइम फार जोरात चालतं. अशा मुलाला नेहमीचाच डोस दिला तरी शरीरात मॉर्फिन भरमसाट तयार होतं. त्यात टॉन्सिल काढलेली बरीच मुलं झोपेत श्वास अडकणारी असतात, म्हणजे त्यांचा श्वास आधीच नाजूक. घरी झोपेत श्वास बंद पडून मुलं दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये सावध केलं, २०१३ मध्ये टॉन्सिल किंवा ॲडिनॉइड (नाकामागची गाठ) काढल्यानंतर मुलांना कोडीन देऊ नये असा सर्वांत कडक इशारा छापायला लावला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ते पूर्णच वर्ज्य ठरवलं.

इथे कुणाचाही हात घसरला नव्हता. सर्जनने चांगलं ऑपरेशन केलं, डॉक्टरांनी पुस्तकातला डोस लिहिला, आईने वेळेवर पाजला. 'पुढच्या वेळी जपून' इथे कुणाला सांगणार?

मुक्ता_ :

मी डॉक्टर नाही. माझ्या मुलाचं टॉन्सिल-ॲडिनॉइडचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून हा धागा उघडला आणि पोटात गोळा आला. घरी आल्यावर आम्ही नेमकं काय बघायचं? 'रक्त आलं तर या' एवढंच सांगितलंय.

कर्णिका :

मुक्ताताई, तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. आधी धीर देते : बहुसंख्य मुलांना काहीही होत नाही. पण 'रक्त आलं तर या' हे अपुरं आहे, कारण लहान मूल रक्त थुंकत नाही, गिळतं. झोपेत ते सारखं घोट घेतंय असं दिसलं, काळपट किंवा लाल उलटी झाली, तोंडातून ताजं लाल रक्त आलं, मूल एकदम फिकट पडून मलूल झालं, तर सकाळपर्यंत थांबू नका. रक्त आलं आणि आपोआप थांबलं तरी दाखवायलाच न्या. पहिला छोटा स्राव कधी कधी मोठ्याची सूचना असतो, म्हणून अशा मुलांना आम्ही निरीक्षणाखाली ठेवतो. निघताना खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते.

घशात जखमेच्या जागी पांढरट-पिवळट थर दिसेल. तो पू नव्हे, बरं होण्याचाच भाग आहे. कानात दुखतंय म्हणेल, तेही बहुतेक वेळा घशातलंच दुखणं असतं. पाणी भरपूर पाजा. वेदनाशामक 'दुखलं तर' असं न देता ठरलेल्या वेळी द्या. कुठलं आणि किती, ते तुमचे डॉक्टर वजनावरून सांगतील. आणि पाचव्या ते दहाव्या दिवसांत दूरचा प्रवास ठेवू नका. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठता येईल इतक्या अंतरावर राहा.

आमच्या बाजूने बदलायची गोष्ट हीच. डिस्चार्ज कार्डावर 'रक्तस्राव झाल्यास संपर्क साधावा' याऐवजी ही लक्षणं पालकांच्या भाषेत लिहायची आणि रात्री उचलला जाईल असा नंबर द्यायचा.

मुक्ता_ :

सारखं घोट घेण्याचं तर डोक्यातही आलं नसतं. मनापासून आभार. लिहून फ्रिजवर लावते.

ओटीतली_सुमन :

मी स्क्रब सिस्टर आहे, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर हत्यारं-औषधं हातात देणारी नर्स. आमच्या टेबलावरची एक जागा धोक्याची आहे, ती म्हणजे वाट्या. नाक-कानाच्या ऑपरेशनला दोन प्रकारचं ॲड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आकसवणारं औषध) लागतं. एकास एक हजार म्हणजे तीव्र, ते कापसाच्या पट्ट्या भिजवून नाकात ठेवायला. आणि बधिर करायच्या औषधात मिसळलेलं, खूप पातळ, एकास एक लाख किंवा त्याहून कमी, ते टोचायला. दोन्ही पाण्यासारखी. उघड्या वाटीत ओतली की कुणीही ओळखू शकत नाही. तीव्र द्रावण सिरिंजमध्ये भरून टोचलं गेलं तर रक्तदाब गगनाला भिडतो आणि हृदय बंद पडू शकतं.

आम्ही काय करतो : टोचायचं औषध आधी भरून घेतो, सिरिंजला लेबल लावतो आणि ते टोचून होईपर्यंत तीव्र द्रावण टेबलावर येतच नाही. ते आलं की त्यात फ्लुरोसीन या रंगद्रव्याचा थेंब घालून पिवळं करतो. रंग दिसला की कुणी सिरिंज त्यात बुडवत नाही. 'लक्षात ठेवा' म्हणण्यापेक्षा हे हजार पटीने भरवशाचं.

शांतनिद्रा :

सुमनसिस्टर, याच चुकीची एक घटना शिकवण्यात नेहमी सांगितली जाते. १९९५, फ्लोरिडा. सात वर्षांचा मुलगा, कानाचं नेहमीचं ऑपरेशन. बधिर करायचं औषध म्हणून जे टोचलं ते तीव्र ॲड्रेनॅलिन निघालं आणि मुलगा वाचला नाही. त्या रुग्णालयाने सिरिंजा सांभाळून ठेवल्या, बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासून घेतल्या, आणि निकाल आल्यावर आईवडिलांना समोर बसवून खरं काय झालं ते सांगितलं. औषध उघड्या वाटीत ओतायची पद्धतही बदलली. सिरिंजा त्या दिवशी कचऱ्यात गेल्या असत्या तर 'भुलेची रिॲक्शन' एवढं लिहून विषय मिटला असता.

दुसरं_वर्ष :

मी रेसिडेंट आहे. आमच्याकडे मॉर्टॅलिटी-मॉर्बिडिटी मीटिंग (मृत्यू आणि गुंतागुंतींचा आढावा) होते, पण तिथे केस मांडणाऱ्यालाच आरोपी केल्यासारखं वाटतं. बाकीचे मान खाली घालून बसतात. मला सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल विचारायचंय. डोळा आणि मेंदू जवळ आहेत हे सगळे सांगतात. पण ऑपरेशनच्या आधी मी नेमकं काय बघून ठेवू?

कर्णिका :

चांगला प्रश्न. यावर जरा सविस्तर लिहिते.

सीटी स्कॅन तूच वाच, रिपोर्टवर विसंबू नकोस. वरून सुरुवात कर. नाकाच्या छतातल्या गंधनसेच्या खाचेची खोली केरॉस या संशोधकाने १९६२ मध्ये तीन गटांत मांडली : १ ते ३ मिलिमीटर, ४ ते ७, आणि ८ ते १६. खाच जितकी खोल तितकी तिची बाहेरची भिंत उंच, आणि ही भिंत कवटीच्या तळाच्या सगळ्यात पातळ हाडांपैकी आहे, मिलिमीटरच्या अंशाइतकी. उजवी-डावी वेगळी असू शकते, म्हणून दोन्ही मोज. मग डोळ्याकडची कागदासारखी भिंत : आधीच्या मारामुळे किंवा ऑपरेशनमुळे कुठे फट आहे का, चरबी आत आलीय का. मग पुढची एथमॉइड धमनी (एथमॉइड म्हणजे दोन डोळ्यांमधला सायनस) हाडात बसलेली आहे की पडद्यावर लोंबतेय. मग मागे ओनोडी पेशी (एथमॉइडचा सगळ्यात मागचा, दृष्टिनसेला भिडलेला हवेचा कप्पा) आहे का, कारण ती असेल तर दृष्टिनस तुला अपेक्षा नसलेल्या ठिकाणी भेटेल. शेवटी स्फेनॉइडचा, म्हणजे सगळ्यात मागच्या सायनसचा, पडदा कॅरॉटिड या मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या हाडावर जाऊन टेकलाय का. टेकला असेल तर तो पिळून काढायचा नाही.

हे सगळं वाचून झाल्यावर सीटीची फिल्म लांब ठेवू नकोस. ऑपरेशनभर ती समोर असली पाहिजे, आणि उजवी बाजू उजवीकडेच लावलीय हे मोठ्याने म्हणून घ्यायचं.

डोळे कधीही कापडाखाली झाकायचे नाहीत. शंका आली की सहायकाला बंद पापणीवरून डोळा हलकेच दाबायला सांग आणि दुर्बिणीतून बघ. एथमॉइडच्या भिंतीत हालचाल दिसली तर हाडाला फट पडलीय. तिथे मायक्रोडिब्रायडर (फिरत्या पात्याचं शोषक यंत्र) नको. ते यंत्र ओढून कापतं, फटीतून आत आलेली चरबी आणि तिच्यामागचा डोळ्याचा आतला स्नायू क्षणात ओढला जातो, आणि तो स्नायू पुन्हा पहिल्यासारखा करणं फार अवघड आहे.

धमनी तुटून आत आखडली तर डोळ्यामागे रक्त साठतं. डोळा पुढे येतो, दगडासारखा टणक होतो, बाहुली प्रकाशाला दाद देत नाही. माकडांवरच्या प्रयोगांत दृष्टिपटलाने रक्ताविना साधारण ९० मिनिटांपर्यंत तग धरला होता; तेवढाही वेळ हातात आहे असं समजू नकोस. नाकातलं पॅक काढायचं, नेत्रतज्ज्ञांना बोलवायचं, पण त्यांची वाट बघत बसायचं नाही. डोळ्याचा बाहेरचा कोपरा कापून पापणीचा बंध सोडवणं ही छोटी क्रिया आहे आणि ती प्रत्येक कान-नाक-घसा रेसिडेंटला आली पाहिजे. आमच्या विभागात त्यासाठीची कात्री आणि चिमटा वेगळ्या पाकिटात सायनसच्या ट्रेबरोबर येतो.

मेंदूच्या पाण्याची गळती ऑपरेशनमध्येच दिसली तर तिथेच बंद करायची. तेव्हा बंद केलेल्यांचा निकाल चांगला लागतो. लक्षात न येता पेशंट घरी गेला तर मेंदूज्वर घेऊन परत येऊ शकतो. एका नाकपुडीतून वाकल्यावर पाणी टपकतंय, घशात खारट लागतंय असं पेशंट म्हणाला तर 'सर्दी असेल' म्हणू नकोस. बीटा-टू ट्रान्सफेरिनची (मेंदूच्या पाण्यात सापडणाऱ्या प्रथिनाची) तपासणी पाठव.

मीटिंगबद्दल म्हणालास ते मला खरंच लागलं. आमच्याकडे केस मांडताना सर्जनचं नाव सांगत नाहीत आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : हे आधी कुणाला, कधी दिसू शकलं असतं? भूलतज्ज्ञ आणि सिस्टर दोघं हजर नसतील तर केस पुढे ढकलतो.

अनामिक_सर्जन :

थोडा विरोध नोंदवतो. हे सगळं लिहून ठेवलं आणि उद्या ते वकिलाच्या हाती गेलं तर? गुंतागुंत म्हणजे निष्काळजीपणा असंच समाज समजतो. मोकळेपणाने बोला म्हणणं सोपं आहे, त्याची किंमत तरुण सर्जन मोजतो.

शांतनिद्रा :

भीती खरी आहे सर, ती मी नाकारत नाही. आणि जुनी आहे. बॉस्टनमधले अर्नेस्ट कॉडमन प्रत्येक पेशंटचा निकाल वर्षभरानंतरही तपासावा आणि तो उघड करावा असं सांगत होते. मोठ्या रुग्णालयातली जागा त्यांनी १९१४ मध्ये सोडली. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातून १९११ ते १९१६ दरम्यान घरी गेलेल्या ३३७ पेशंटमध्ये त्यांनी १२३ चुका नोंदवल्या आणि त्या छापल्या. सहकाऱ्यांचा रोष आणि पैशाची ओढाताण दोन्ही त्यांच्या वाट्याला आली.

पण नोंद न ठेवण्याचीही किंमत आहे, ती पेशंट मोजतो. व्यवहारात दोन कागद वेगळे ठेवावेत. केसपेपरवर काय घडलं, किती वाजता, काय केलं, नातेवाइकांना कुणी काय सांगितलं, एवढं स्वच्छ. शिकण्याच्या मीटिंगमध्ये नावं नसावीत आणि चर्चा संस्थेच्या नियमांनुसार गोपनीय असावी. मागाहून केसपेपरमध्ये खाडाखोड मात्र कधीही नको.

मानेकडून :

मी डोकं-मानेच्या शस्त्रक्रिया करतो. थायरॉइडनंतर मानेत रक्त साठणं ही गुंतागुंत क्वचित होते, पण झाली की मिनिटांचा प्रश्न असतो. बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत, त्यातही सुरुवातीच्या काही तासांत. घोटाळा असा की जखमेतलं रक्त बाहेर काढायला ठेवलेल्या नळीत रक्त कमी आलंय म्हणून सगळे निर्धास्त असतात. गुठळी झाली की नळी तुंबते. पेशंट अस्वस्थ होतो, बसून राहतो, 'गळा आवळल्यासारखं होतंय' म्हणतो. श्वासाची शिट्टी आणि ऑक्सिजन घसरणं फार उशिरा येतं. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञ, थायरॉइड आणि कान-नाक-घसा संघटनांच्या २०२२ साली छापलेल्या मार्गदर्शिकेत सरळ सांगितलंय : श्वास अडतोय असं दिसलं तर खाटेवरच पट्टी काढा, टाके कापा, त्वचा उघडा, स्नायूंचा थर उघडा, गुठळी बाहेर काढा, जखम पॅक करा. ओटी रिकामी व्हायची वाट नाही.

आणि हे वॉर्डातल्या सिस्टरला, ड्यूटीवरच्या ज्युनिअरला करता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक थायरॉइड पेशंटच्या उशाशी छोटी पेटी हवी, आत कात्री, आर्टरी फोर्सेप (रक्तवाहिनी पकडायचा चिमटा), गॉज आणि पायऱ्यांचं कार्ड. पेशंट दुसऱ्या वॉर्डात गेला की पेटीही जाते.

दुसरं म्हणजे स्वरयंत्राची नस. पहिल्या बाजूला नर्व्ह मॉनिटरचा (नस काम करतेय का ते दाखवणाऱ्या यंत्राचा) सिग्नल गेला आणि परत आला नाही, तर दुसरी बाजू त्या दिवशी न करणं बहुतेकदा शहाणपणाचं. एका बाजूची नस गेली तर आवाज बसतो. दोन्ही गेल्या तर श्वास कोंडतो आणि गळ्याला छिद्र पाडायची वेळ येऊ शकते. पेशंटला हे आधीच सांगून ठेवावं, म्हणजे अर्धं ऑपरेशन करून थांबायला सर्जनला संकोच वाटत नाही.

दुसरं_वर्ष :

सर, ज्युनिअरने टाके कापले आणि नंतर कळलं की गरज नव्हती, तर?

मानेकडून :

तर टाके परत घालू. हे मी माझ्या वॉर्डात सगळ्यांसमोर सांगून ठेवलंय, आणि सीनिअरने ते आधीच सांगायला हवं. रात्री दोन वाजता त्या पोराला माझी परवानगी मागत फोन करायची वेळ येऊ नये.

ओटीतली_सुमन :

हा मुद्दा आमच्यासाठी फार मोठा आहे. २००५ मध्ये इंग्लंडमध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका तरुण आईची भूल देतानाच श्वासनलिका मिळेना. अनुभवी डॉक्टर खोलीत होते, पण सगळे नळी घालण्याच्या प्रयत्नात अडकून पडले. एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा (गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट करायचा) सेट आणून 'तयार आहे' म्हटलं, दुसरीने आयसीयूत खाट मागितली. पुढे काय करायला हवं ते त्यांना उमगलं होतं, पण ते ऐकलं जाईल असं कसं म्हणायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या बाई वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. त्यांनी शिक्षा मागितली नाही, चौकशी मागितली, आणि २००७ मध्ये रुग्णसेवेतल्या मानवी घटकांवर काम करणारा गट उभा केला.

आमच्या ओटीत आता ठरलेलं वाक्य आहे : 'डॉक्टर, ऑक्सिजन ७० आहे, गळ्यातून वाट करायची का?' आकडा आणि प्रश्न एकत्र. हे वाक्य कुणीही म्हणू शकतं, वॉर्डबॉयसुद्धा.

शांतनिद्रा :

ट्रेकिऑस्टॉमीचा विषय निघालाच आहे तर आगीबद्दलही लिहितो. ऑक्सिजन जास्त, कॉटरीची (विजेवर जाळून कापायच्या हत्याराची) ठिणगी आणि प्लॅस्टिकची नळी एकत्र आली की श्वासमार्गात आग लागते. श्वासनलिका उघडायच्या आधी सर्जनने सांगायचं, मी ऑक्सिजन पेशंटला झेपेल तितका खाली आणतो, जमल्यास ३० टक्क्यांखाली, आणि काही मिनिटं थांबायला सांगतो. नलिका सुरीने उघडायची, कॉटरीने नाही. आग लागलीच तर वायू बंद, नळी बाहेर, सलाइन आत; हे कुणी काय करायचं ते आधी ठरलेलं हवं.

दुसरं_वर्ष :

कानाच्या ऑपरेशननंतर चेहरा वाकडा झाला तर लगेच परत उघडायचं का?

कर्णिका :

शुद्धीवर आल्या आल्या काय दिसलं होतं, यावर ते ठरतं. म्हणूनच पोस्ट-ऑप नोंदीतली पहिली ओळ 'डोळा घट्ट मिटतो का, दात दाखवता येतात का' ही असावी, वेळेसह. तेव्हा चेहरा हलत होता आणि दोन-तीन दिवसांनी मंदावला, तर बहुधा सूज. कानातलं पॅक सैल करून स्टेरॉइड देतात आणि वाट बघतात. शुद्धीवर येतानाच पूर्ण लुळा असेल तर आधी बधिर करायच्या औषधाचा असर उतरू द्यायचा. काही तासांनीही हालचाल नाही आणि नस शाबूत बघितल्याची खात्री नाही, तर परत उघडायचं, शक्यतो अधिक अनुभवी सर्जनला सोबत घेऊन. त्याच वेळी कपाळावर ट्यूनिंग फोर्क ठेवून आवाज कुठल्या कानात जातो तेही लिहायचं. ऑपरेशनच्या उलट बाजूला गेला तर आतला कान दुखावल्याची शंका तेव्हाच येते.

मानेकडून :

एक गोष्ट राहिली. पूर्ण स्वरयंत्र काढलेल्या पेशंटचा नाकातोंडाशी श्वासाचा संबंधच उरत नाही. त्याला दम लागला की सवयीने कुणीतरी तोंडावर मास्क लावतं आणि ऑक्सिजन फुप्फुसात पोचतच नाही. खाटेच्या डोक्याशी फलक लावा, चित्रासकट : 'हा पेशंट फक्त गळ्यातून श्वास घेतो. ऑक्सिजन गळ्याला लावा.' ट्रेकिऑस्टॉमीच्या पेशंटचा फलक वेगळ्या रंगाचा, कारण त्याला तोंडावरूनही ऑक्सिजन देता येतो.

ओटीतली_सुमन :

आणि ट्रेकिऑस्टॉमीवाल्याच्या उशाशी त्याच मापाची एक नळी आणि एक माप लहान अशी दुसरी. ड्यूटी बदलताना दोन्ही हातात घेऊन बघायच्या, वहीत टिक करून नाही. आमच्या फलकाच्या मजकुराचा फोटो टाकते, ज्यांना हवा त्यांनी छापून घ्या.